अक्काच्या नावाची बाटली

साताऱ्याची माणसं फिरायला जातात ती महाबळेश्वराला, आणि येताना स्ट्रॉबेरीच्या पेट्या आणतात. मी गेल्या फेब्रुवारीत कुंडल-आष्ट्याला गेले आणि येताना माझ्या माणसांचं रक्त आणलं. लाल गाडीनं एका दिवसात पालथा होईल एवढाच हा मुलूख. मला तो पुरता फिरायला दहा महिने लागले. वाटेत कुणी "कुठं निघालात, आजी?" असं विचारलं तर मी "माहेरी" म्हणायचे. ते खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं.

निघण्याआधी थोडं साताऱ्याचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. इथल्या एका दवाखान्यात मी तीस वर्षं नर्स होते. चोविसाव्या वर्षीची स्टाफ कुसुम तुम्ही बघायला हवी होती. डोक्यावरच्या टोपीला एवढी खळ, की तिच्या काठानं कांदा चिरावा. बाईंचा ठाम समज असा, की गोळी दिली, तक्त्यावर टिक केली, की कळ थांबली. थांबली नाही तर ती पेशंटची खोड. एकदा जतकडची एक मेंढपाळाची बायको पोटाचं ऑपरेशन होऊन दोन दिवस तळमळत होती. मी तिला म्हणाले, "बाई, गोळी आत्ताच दिलीय. तुमची मेंढरंसुद्धा एवढी ओरडत नसतील." सगळा वॉर्ड हसला. मीही हसले, आणि आपण काय मजेदार बोलतो, अशा थाटात ड्यूटी संपवून घरी गेले. त्या पोरीला आज समोर उभं करता आलं असतं, तर मी तिची टोपी पाण्यात भिजवली असती.

अक्का माझी थोरली बहीण, कुंडलला नात्यातच दिलेली. दोन वर्षांपूर्वी ती गोठ्यात घसरून पडली, मांडीचं हाड मोडलं, सांगलीत पट्टी-स्क्रू बसवले. त्या ऑपरेशननंतर चार दिवस ती नुसती किंचाळत होती. गोळ्या चालू होत्या, उपयोग शून्य. पुढं हाडात पू झाला. सर्जन म्हणाले, पट्टी काढून सडलेलं हाड खरवडावं लागेल, नाहीतर पाय जाईल. अक्का म्हणाली, "पाय जाऊ दे, जीव जाऊ दे, ती कळ पुन्यांदा न्हाई."

त्याच सुमारास माझ्या जुन्या दवाखान्यातल्या एका डॉक्टरांनी पुण्याच्या एका तरुण डॉक्टरांची गाठ घालून दिली. ज्यांना दुखण्याची गोळी लागूच पडत नाही अशा घराण्यांचा ते अभ्यास करत होते. त्यांनी मला समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगते. दुखण्यावर देतात ती कोडीनची गोळी म्हणजे कच्चं धान्य. आपल्या यकृतात एक गिरणी असते, ती त्याचं पीठ पाडते, आणि ते पीठ म्हणजे मॉर्फीन. कळ थांबते ती पिठानं. काही माणसांची ही गिरणी जन्मापासूनच बंद असते. आईकडून बंद आणि बापाकडूनही बंद अशी वाट्याला आली, की संपलं. मग मूठभर गोळ्या खा, नाहीतर खडीसाखर खा, सारखंच. हे रक्तातून कळतं. रक्त बघून औषध द्यायचं, असं त्यांचं म्हणणं.

"तुमच्या घरात नात्यात लग्नं झालीत का?" त्यांनी विचारलं.

"माझी आई माझ्या बापाची मामेबहीण. आजीचंही तसंच," मी म्हणाले. "आमच्यात मामाची पोरगी असताना बाहेर बघणं म्हणजे मामाचा अपमान."

डॉक्टरांचे डोळे चमकले. त्यांनी तिथंच कागदावर आमच्या वंशावळीचे चौकोन आणि गोल काढायला घेतले. तिसऱ्या पिढीला रेघा एकमेकींत इतक्या गुंतल्या की त्यांनी नवा कागद घेतला.

मी अक्काला निरोप धाडला : या वेळी तुझं रक्त बघून औषध देणार आहेत, कळ होणार नाही, मी शब्द देते. अक्कानं उलट कळवलं, "कुसी शब्द देत आसंल तर येते."

कुंडल

कऱ्हाडला गाडी बदलली. सोबत आलेल्या पुण्याच्या डॉक्टरांच्या मांडीवर बर्फाची पेटी. कंडक्टरनं ती वाकून बघितली.

"मासळी हाय व्हय?"

"रक्त भरायच्या बाटल्या आहेत," डॉक्टर खरं बोलून मोकळे झाले. शेजारचा फेटेवाला उठून मागं जाऊन बसला. पुढच्या प्रवासात आम्ही मासळीच सांगितली.

ताकारी सोडली की दोन्ही बाजूंना ऊस, मध्येच हळद शिजवायच्या कढया, आणि मग एकाएकी कुंडलचे बोडके डोंगर. हिरव्यातून असं करड्यात येताना मला दर वेळी वाटतं, कुणीतरी हातातलं ताट काढून घेतलं.

अक्काच्या सोप्यावर सगळी पुरुषमंडळी गोळा झाली होती. दीर, पुतणे, शेजारी. मी तिथं गिरणीची गोष्ट अशी रंगवून सांगितली की डॉक्टरही ऐकत राहिले. "म्हंजे आमच्यात दळाप बंद हाय म्हना की," एक पुतण्या म्हणाला. हशा झाला. फार दिवसांनी मला श्रोते मिळाले होते. डॉक्टरांनी तिथंच दोन पुतण्यांचं आणि माझं रक्त काढून घेतलं. आत चुलीपुढं अक्काची सून सुनंदा आमच्या सगळ्यांसाठी भाकऱ्या थापत होती. तिच्यापर्यंत गोष्ट पोचली नाही. पोचवायला हवी, असं मला वाटलंही नाही. जेवण मात्र तिनं असं घातलं, की पुण्याचे डॉक्टर खर्ड्यानं रडत रडत तिसरी भाकरी मागत होते.

अक्का आतल्या खोलीत पडून. परक्या पुरुषासमोर मांडी उघडी पडते म्हणून तिनं डॉक्टरांना आत येऊ दिलं नाही. "मी काढते," मी रुबाबात म्हणाले. "तीस वर्षं काढलीत." पहिली सुई वाया गेली, दुसरीही. हात थरथरतो हे मी घरात कुणाला सांगितलं नव्हतं, ते अक्काला कळलं.

"कुसे, तुजं डोळं गेलं का हात गेला?"

"तुझी शीरच लपून बसलीय."

"ती तुला वळखती म्हनून लपलीया."

मला राग आला. अक्काचा दंड सोडला आणि तिचं नाव लिहिलेली बाटली सुनंदाच्या हातात दिली. अक्काच्या जखमेची पट्टी बदलायला संध्याकाळी गावातला कंपाउंडर यायचा. "त्याच्याकडून काढून घे, माठाखालच्या ओल्या वाळूत ठेव, उद्या आष्ट्याहून परत येताना आम्ही नेतो," एवढं सांगितलं. का काढायचं ते सांगितलं नाही. सुनंदानं मान डोलावली. ती कधीच काही विचारत नाही. आणि मी त्याला तिचा चांगुलपणा म्हणत आले.

आष्टा

आष्ट्याला माझी तानूआत्या. बापाची धाकटी बहीण, तोंडात एक दात, पण तो पुरेसा. डॉक्टरांनी सुई काढली तशी तिनं दंड पदराखाली घेतला.

"ह्यो कुनाचा?"

"पुण्याचे डॉक्टर आहेत. रक्त तपासायचंय."

"पुन्याचं?" आत्यानं त्यांना पायापासून निरखलं. "आमी छप्पन साली दीक्षा घेतली, त्याच्या आदी तुमचं लोक आमच्या हातचं पानी घेत न्हवतं. आन् आता घरला येऊन रगत मागतासा?"

डॉक्टर लाल झाले. "आजी, नको असेल तर—"

"घे की रं! मी कवा न्हाई म्हनलं? पर बसून घे, चा पिऊन घे." आणि तिनं त्यांना हुलग्याचं माडगं पाजलं, वाटीभर नाही, तांब्याभर. दंड पुढं करताना म्हणाली, "माज्या बाळातपनात सुईनीनं काय काय पाजलं, एका थेंबाचा गुन आला न्हाई. माजी सासू म्हनायची, सोंग करती."

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. मला ते ऐकून आत कुठंतरी टोचलं, पण पेटीतला बर्फ वितळायला लागला होता. बाजारातल्या एका रसवंतीवाल्याकडून बर्फ मागितला. तो म्हणाला, रस घेतल्याशिवाय बर्फ देत नाही. मी दोन ग्लास प्यायले, आणि आमच्या घराण्याच्या बाटल्या उसाच्या चोथ्याचा वास असलेल्या बर्फात कुंडलकडं निघाल्या. सुनंदानं दारातच अक्काच्या नावाची बाटली दिली. रक्त छान गडद होतं. "बघा," मी डॉक्टरांना म्हणाले, "शीर मिळाली की नाही!" ते कऱ्हाडला उतरून पुण्याला गेले.

सांगली

दीड महिन्यानं कागद आला. तानूआत्या : गोळीचा उपयोग नाही. दोन पुतणे : थोडाफार. मी : चालेल. अक्का : चालेल.

शेवटचा शब्द मी दोनदा वाचला. मग चार दिवसांचं ते किंचाळणं? हा प्रश्न माझ्या मनात आला, खोटं कशाला सांगू. आणि त्याच्या मागोमाग जे आलं ते लिहायला हात धजत नाही, पण लिहिते : बरं वाटलं. म्हणजे तेव्हा अक्काचे नखरेच होते, आणि मी तेव्हा मनात म्हणाले होते ते बरोबर होतं.

तो कागद घेऊन मी सांगलीला गेले. सर्जन बिचारे मॉर्फीनची सुई मिळवायच्या खटपटीत होते. तिला परवाना लागतो, अर्ज लागतो, कुणी किती टोचली त्याची नोंद लागते. बऱ्याच ठिकाणी ती ठेवतच नाहीत. कागद वाचून त्यांनी अर्ज बाजूला ठेवला. "मग हा उपद्व्याप नको. गोळ्यांवर भागेल."

एप्रिलमधली सांगली तुम्ही पाहिली नसेल तर सांगते. बाजाराच्या बाजूला गेलात की हळद नाकातून सरळ डोक्यात जाते. हमालांच्या भुवया पिवळ्या, रिक्षांचे टप पिवळे, आणि पुढं गुळाच्या ढेपांवर मधमाश्यांची जत्रा. संध्याकाळी लोक कृष्णेच्या घाटावर भडंग खात बसतात. साताऱ्यात आम्ही चुरमुऱ्यांना मानत नाही, पण सांगलीचं भडंग ही वेगळी चीज आहे. हे मला इतकं नीट माहीत आहे, कारण अक्काचं ऑपरेशन झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी कोपऱ्यावरच्या तीन दुकानांतलं भडंग चाखून बघत होते. ती वर कण्हत होती.

सोमवारी ऑपरेशन झालं. कमरेतल्या सुईची भूल उतरली आणि मंगळवारी सकाळपासून गोळ्या सुरू झाल्या. दुपारी तिनं माझा पदर धरला.

"कुसे, कळ उतरंना गं."

"उतरंल. गोळी आत्ताच दिलीय."

"हाडात पहार घालून कुनीतरी हलवतंय."

"अक्का, तुझं रक्त तपासून आणलंय. कागदावर आलंय, तुला गोळी चालते."

तिनं माझ्याकडं बघितलं. कपाळावर घाम, ओठाला दातांचे वण. "पाय काय कागदाचा चिरलाय व्हय माजा?"

बुधवारी ती ओरडायला लागली. शेजारच्या खाटेवरची बाई कूस बदलून भिंतीकडं तोंड करून झोपली. आणि मी, बासष्ट वर्षांची, तीन नातवंडांची आजी, सख्ख्या बहिणीला म्हणाले, "साऱ्या वॉर्डात तूच एकटी ओरडतीस. जरा दम धर. जनाची नाही तर मनाची."

डोक्यावर टोपी नव्हती, एवढाच काय तो फरक.

त्यानंतर अक्का ओरडली नाही. चादरीचा काठ तोंडात धरला. मी शेजारणीला म्हणाले, "बघा, पडला की नाही फरक?"

गुरुवारी दुपारी सुनंदा कुंडलहून दूधभात घेऊन आली. तिनं डबा ठेवला, सासूकडं बघितलं, चादरीचा चावून चोथा झालेला काठ बघितला आणि मटकन खाली बसली.

"मावशी, माजं येवडं ताजं रगत दिलं हुतं की वो. तरीबी गुन न्हाई?"

"कुठलं रक्त?"

"त्या बाटलीतलं. कंपाउंडर आला तवा म्या म्हनलं, अक्कांच्या अंगात रगत ऱ्हायलंय कुठं? येवडं तपासाय नेत्यात, आन् ऑपरेशनला तेच परत चडवत असतील. चांगलं गेल्यालं बरं. माजंच काडलं. त्यो म्हनला, चालतंय की, घरातलंच हाय." मग तिनं डोळे पुसले आणि विचारलं, "माज्या रगतात काय खोट हाय का?"

आमच्याकडं हीच रीत आहे. घरात मोठ्या माणसाला काही लागलं तर धाकट्यानं आपलं पुढं करायचं. वाटीतलं दूध, अंगावरची वाकळ, मांडीवरची जागा. सुनंदानं रक्तही तसंच पुढं केलं. ती परक्या घरची पोर, तिची गिरणी ठणठणीत. कागदावर तिचीच गिरणी आली होती. आणि मी तो कागद अक्काच्या तोंडावर तीन दिवस नाचवत होते.

मी सुनंदाला रागावले नाही. कोणत्या तोंडानं रागावणार? सोप्यावर पुरुषांना हसवत होते तेव्हा उठून चुलीपर्यंत दहा पावलं गेले असते, तर हे झालं नसतं.

खाली एसटीडी बूथवरून पुण्याला फोन लावला. डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "बाटली तुमच्यासमोर भरली नव्हती?"

"नाही."

"पण तुम्ही म्हणालात—"

"मी पुष्कळ काही म्हणते, डॉक्टर."

मॉर्फीन यायला शनिवार उजाडला. अर्ज, सह्या, एका गावाहून दुसऱ्या गावाला माणूस. मधल्या काळात सर्जननी दुसरं एक इंजेक्शन दिलं. त्यानं अक्काला छतावर मुंग्या दिसायला लागल्या. "झाडा की त्या, झाडा," म्हणत ती हात हलवायची, आणि कळ होती तशीच. मी तिच्या उशाशी बसले. शनिवारी दुपारी ती सुई टोचली. अर्ध्या तासानं तिची डावी मूठ सैल झाली. मंगळवारपासून वळलेली होती. तळव्यात नखांच्या चार खुणा. संध्याकाळी जाग आली तेव्हा मी पाण्याचा पेला पुढं केला. तिनं तो घेतला नाही. "सुनंदे, पानी दे," म्हणाली.

पुन्हा कुंडल, पुन्हा सांगली

पावसाळा गेला. हाड भरलं नाही, पू थांबला नाही, अंगात ताप मुरला. दिवाळीनंतर सर्जन म्हणाले, आता पाय मांडीतून काढायचा, नाहीतर विष सगळ्या अंगात जाईल. मधल्या काळात पुण्याच्या डॉक्टरांनी स्वतः येऊन, अक्काच्या पुढ्यात बसून तिच्याच दंडातून रक्त नेलं होतं. नवा कागद माझ्या पर्समध्ये होता : अक्का, गोळीचा उपयोग नाही. सर्जननी आधीच मॉर्फीन आणून ठेवायचं कबूल केलं होतं. सगळं जागच्या जागी होतं.

मी कुंडलला गेले. अक्का सोप्यावर बसली होती, पाय लांब करून, शेंगा फोडत.

"अक्का, या वेळचा कागद खरा आहे."

"मागचाबी खराच म्हनत हुतीस."

"चूक झाली माझी."

"चूक सुनंदाची झाली. तिला ठावं न्हवतं." तिनं एक शेंग फोडली, दाणे माझ्या हातावर ठेवले. "तुजी चूक न्हाई, कुसे. तुला मी ठावं हुते."

मी दाणे हातात धरून बसले.

"पाय काडायला जाते मी," पुढची शेंग उचलत ती म्हणाली. "सुनंदा ऱ्हाईल माज्यापाशी. तू न्हाई यायचं. तू आलीस की मला कळ हाय का न्हाई, ते कागदाला इचारत बसशील."

तरी मी सांगलीला गेले. वर गेले नाही. दवाखान्याच्या खाली, औषधाच्या दुकानाशेजारी एक बाकडं आहे. तिथं तीन दिवस बसले. हळदीचा हंगाम नव्हता, हवेला कसलाच वास नव्हता. सुनंदा दिवसातून दोन-तीनदा खाली यायची, चहा न्यायला, पट्ट्या न्यायला. पहिल्या दिवशी म्हणाली, "पाय काडला, मावशी." दुसऱ्या दिवशी म्हणाली, "सुई दिली, निवांत हायत. भात खाल्ला." तिसऱ्या दिवशी म्हणाली, "झोपल्यात. घोरत्यात."

म्हणजे रक्त बघून औषध देतात ते खरं आहे. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते.

"मी खाली आहे ते माहीत आहे तिला?" मी विचारलं.

"व्हय. म्या सांगितलं."

"मग? काही म्हणाली?"

सुनंदानं चहाचा थर्मास या हातातून त्या हातात घेतला. तिला खोटं बोलता येत नाही.

"न्हाई, मावशी," ती म्हणाली, आणि जिना चढून वर गेली.